बदकांचे कायदे कोणी केले?



बदकांच्या शिकारीचे नियम हा विषय आम्ही या व्यासपीठासाठी कळविला, तेव्हा चालक मंडळींपैकी एकांनी विचारले, "अहो, शिकार तर केव्हाच बंद झाली, मग नियम कसले?" प्रश्न रास्त आहे. १९९१ पासून या देशात हौसेखातर बदकावर बंदूक उचलण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. परंतु जी गोष्ट बंद झाली तिचेच कायदे शांतपणे तपासता येतात. चालू गोष्टीविषयी जो तो आपला पक्ष धरून बसलेला असतो. शिवाय भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात आज ज्या प्रश्नाशी आपली गाठ आहे तो नदीचा प्रश्न आहे, आणि पाण्यावरच्या पाखरांच्या कायद्याची कुळकथा पाहिली म्हणजे त्या प्रश्नावरही थोडा उजेड पडतो असे आम्हांला वाटते.

आधी पाखरांची ओळख करून घेऊ. आपल्या पाणवठ्यांवरची बदके दोन प्रकारची. काही येथलीच: काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेली हळदीकुंकू, चोचीवर मांसाची गाठ बाळगणारा नकटा, शीळ घालीत उडणारी अडई, आणि लहानखुरी काणूक. ही पावसाळ्यात, भरल्या तळ्याकाठच्या गवतात नाहीतर झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. दुसरी पाहुणी: थापट्या, तलवार बदक, चक्रांग, शेंडी बदक, आणि ज्याच्या विरहाचे वर्णन करताना संस्कृत कवी कधी थकले नाहीत तो चक्रवाक. ही दसरा-दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून उतरतात आणि होळी उलटली की परतू लागतात. त्यांची घरटी सैबेरियात, मध्य आशियात, तिबेटच्या पठारावर. यांच्यातच मिसळून पोहणारा, पण बदक नसलेला, काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला एक पक्षी आहे. त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. इंद्रायणीच्या काठी याहून शोभणारे नाव शोधून सापडणार नाही.

हा दोन प्रकारांचा भेद ध्यानात ठेवावा, कारण कायद्याचे सारे त्रांगडे त्यात आहे.

हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांविषयी पहिला सर्वसाधारण कायदा केला तो १८८७ साली. विणीच्या हंगामात नुकतेच मारलेले किंवा पकडलेले रानपक्षी नगरपालिकांच्या व लष्करी छावण्यांच्या हद्दीत जवळ बाळगण्यास वा विकण्यास मनाई करता यावी, एवढाच त्याचा आवाका. म्हणजे खडकीच्या छावणीत तो लागू करता येई, पण छावणीची वेस ओलांडून पवनेच्या काठी गेले की पाखराला त्याचा उपयोग नव्हता. मग १९१२ चा कायदा आला. त्याला एक यादी जोडलेली होती. तीत बदके होती, तितर-मोर होते, बगळे, नीलपंख आणि खंड्याही होते. या पक्ष्यांसाठी प्रांतिक सरकारांनी बंदीचा काळ ठरवावा, त्या काळात त्यांना मारू नये, पकडू नये, विकू नये, अशी ही योजना. वरवर पाहता चोख काम. पण बंदीचा काळ कोणता? विचाराची सुरुवात विणीपासून झालेली होती. पावसाळ्यात बंदूक बंद ठेवली की हळदीकुंकू आपली पिले वाढवू शके. पाहुण्या बदकाचे काय? त्याची वीण येथे होतच नाही. जेव्हा ते विणीला बसते तेव्हा ते आपल्या हद्दीत नसते, आणि जेव्हा हद्दीत असते तेव्हा विणीला बसलेले नसते. विणीचा हिशेब धरून केलेली बंदी त्याच्या दृष्टीने रिकाम्या घराला कुलूप लावण्यासारखी होती.

शिकाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. दख्खनच्या पठारावर पाऊस सरल्यावर कार्तिकात जागोजाग पाणी असते, पाखरे विखुरलेली असतात, शिकारीला पायपीट फार. माघ-फाल्गुनात तळी आटत जातात आणि उरलेल्या पाण्यावर बदकांची दाटी होते. मग एका सकाळी हवी तेवढी बदके पाडता येतात. पण तीच वेळ पाखराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. हिवाळ्याच्या अडचणींतून जी मादी तगून निघाली, ती आता अंगावर चरबी धरून हजारो कोसांच्या परतीच्या वाटेला लागणार असते. कार्तिकात मारलेल्या बदकांपैकी काही तशीही हिवाळ्यात मेलीच असती; फाल्गुनात मारलेले प्रत्येक बदक म्हणजे पुढल्या उन्हाळ्यातले एक घरटे कमी. शिकाऱ्याच्या सोयीचा आणि पाखराच्या गरजेचा काळ एकच, हा या विषयातला खरा तंटा होय. बाकीचे वाद त्यामानाने किरकोळ.

आता या तंट्यात सरकारच्या कानाशी कोण होते? शिकारीच. पाखरांच्या बाजूने बोलणारेही शिकारी आणि शिकारीच्या बाजूने बोलणारेही शिकारी. निलगिरीतल्या शिकाऱ्यांनी १८७७ साली आपली संघटना उभारली आणि दोन वर्षांत, म्हणजे १८७९ साली, मद्रास सरकारकडून शिकारीच्या जनावरांच्या व माशांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा करवून घेतला. मुंबईत १८८३ साली 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' निघाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन आपले होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पण सोसायटीच्या सभासदांत व तिच्या नियतकालिकाच्या लेखकांत बंदूकवाल्यांचा भरणा मोठा होता हेही खरे. पोलीस खात्यातले स्टुअर्ट बेकर यांनी हिंदुस्थानातल्या बदकांवर या नियतकालिकात लेखमाला लिहिली, तिचे पुस्तक १९०८ साली निघाले. पाखरू कोठे उतरते, केव्हा उतरते, काय खाते, हे ज्याला पहाटे गुडघाभर चिखलात उभे राहावे लागते त्याच्याइतके कोणाला कळणार? सलीम अलींचा पक्ष्यांशी पहिला परिचयही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनेच झाला.

एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. १९२६ साली माळव्यातल्या धार संस्थानात, म्हणजे आपल्या पवारांच्या धारमध्ये, महाराजांच्या उत्साहाने सोसायटीने बदके पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची वळी घालून सोडण्यास आरंभ केला. हे वळे परत कसे मिळावयाचे? ते बदक कोठेतरी कोणीतरी मारावे, आणि मारणाऱ्याने प्रामाणिकपणे पत्र लिहून कळवावे, हाच त्या काळी मुख्य मार्ग. आपली पाहुणी बदके रशियाच्या मुलखातून येतात याचा पुरावा असा, मेलेल्या पाखरांच्या पायांवरून, गोळा झाला. ज्ञानाचा हा मार्ग पाहून कोणाला कसेसेच वाटेल. पण तो तसा होता.

तर या मंडळींनी सरकारकडे मागितले काय? बाजारात शिकारीचे पक्षी विकण्यास मनाई करा, जाळी आणि फास बंद करा, आणि बंदुकीला हंगामाची व संख्येची मर्यादा घाला. यांतल्या तिसऱ्या मागणीने ते स्वतःचे हात बांधून घेत होते, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पहिल्या दोन मागण्यांनी मात्र हात बांधले जात होते ते दुसऱ्यांचे. जाळे टाकणारा कोण? भोई, कोळी, पारधी. बाजारात विकणारा कोण? तोच. साहेबाने उडत्या बदकावर बार टाकला तर तो खेळ, आणि पारध्याने रात्री जाळे लावले तर ती कत्तल, असा न्याय लावण्यात आला. एका रात्रीत जाळ्याने पुष्कळ पाखरे जातात हे आम्ही नाकारीत नाही. पण १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या घना तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारासाठी जी शिकार झाली, तीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. हा आकडा कोणा टीकाकाराने काढलेला नाही. तळ्याकाठी तो दगडावर कोरून ठेवला आहे, आणि आजही वाचता येतो. कोणत्या पारध्याने एवढे मोठे जाळे विणले होते?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. आपला पुणे जिल्हा त्याच राज्यात होता. या कायद्याच्या मसुद्यामागे सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांचा मोठा हात होता. हे गृहस्थ पक्षिशास्त्रातले अधिकारी, आणि बंदुकीशीही त्यांची चांगली ओळख. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठीही ते झटले. कायदा त्या काळच्या मानाने पुढारलेला होता, आणि तो तसा झाला याचे कारण मसुदा करणाऱ्याला रान व पाणी ठाऊक होते. नुसत्या कचेरीतून तो निघाला नव्हता. एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५२ च्या ऑगस्टअखेर गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि फासेपारध्याच्या कपाळावरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का सरकारने पुसला. त्या सुमारासच त्याच्या बापजाद्यांचा धंदा परवान्याच्या कक्षेत आला होता. परवाना म्हणजे अर्ज, अर्ज म्हणजे अक्षर, आणि अक्षर त्याच्याजवळ नव्हते. हा कायदा करताना त्याला विचारले होते काय, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वच जाणतो. चिंचवडच्या स्टेशनापाशी किंवा चाकणच्या बाजारतळाशी त्याचे पाल पाहून आपण आजही रस्ता बदलतो. मग १९५१ साली त्याला मुंबईस बोलावणार कोण?

पुढे १९७२ साली केंद्राचा वन्य जीव संरक्षण कायदा आला. पशुपक्ष्यांचे रक्षण हा विषय तेव्हा घटनेप्रमाणे राज्यांचा होता, म्हणून राज्यांचे ठराव घेऊन संसदेला हा कायदा करावा लागला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो विषय समवर्ती सूचीत गेला. या कायद्याने प्रत्येक राज्यात सल्लागार मंडळ नेमले आणि शिकारीच्या परवान्यांचे वर्ग पाडले. बदके लहान शिकारीच्या वर्गात आली, आणि जिवंत पकडण्याचा परवानाही निराळा ठेवला. या कायद्याच्या सतराव्या कलमात शिकार कशी करू नये याची यादी होती: मोटारीतून करू नये, रात्री करू नये, इत्यादी. त्यात एक असेही होते की जनावरे खारी माती चाटायला येतात त्या जागी किंवा पाणवठ्यावर दबा धरून शिकार करू नये. अपवाद माळावरची पखुर्डी आणि पाणपक्षी! तहानेने आलेल्या हरणाला मारणे अधर्म, हे आम्हांलाही पटते. पण पाणपक्षी पाण्यावर नाही तर कोठे सापडणार, म्हणून त्याच्यापुरता धर्म सैल. असा अपवाद घालायला बदकांची शिकार केलेला माणूसच लागतो. अंगावर चिखल उडालेल्या माणसाचा हात कायद्यात कोठे दिसतो असे कोणी विचारले तर आम्ही हे कलम दाखवू. दाखवू म्हणजे, जुन्या प्रतीत दाखवू. कारण १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने संपले, त्यांबरोबर ते कलमही गेले, आणि आता त्या आकड्यापुढे अक्षरे जोडून वनस्पतींच्या रक्षणाची कलमे बसविली आहेत.

येथे कोणी अमेरिकेचे उदाहरण देईल, आणि ते द्यावेच. तेथेही वसंतातल्या शिकारीवरून असाच तंटा माजला होता. १९१६ साली अमेरिकेने कॅनडातल्या पाखरांबद्दल ब्रिटनशी करार केला, १९१८ साली कायदा झाला, वसंतातली शिकार आणि बाजारातली विक्री दोन्ही गेली. मिसूरी संस्थान न्यायालयात भांडले, की आमच्या हद्दीतली पाखरे आमची. १९२० साली ते हरले. मग १९३४ साली बदकांचे तिकीट निघाले. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याने डॉलरभराचे तिकीट दरवर्षी घ्यावयाचे आणि त्या पैशातून सरकारने पाणथळ जागा विकत घेऊन राखावयाच्या. पहिले तिकीट व्यंगचित्रकार डार्लिंग यांनी काढले. ते त्या वेळी सरकारच्या त्या खात्याचेच प्रमुख होते. तेथले शिकारी आजही दरसाल हंगाम किती दिवसांचा, डोईमागे बदके किती, यावर सरकारशी हुज्जत घालतात, आणि सरकार पाखरे मोजून मगच उत्तर देते. हुज्जत घालणाऱ्याने तिकिटाचे पैसे भरलेले असतात, म्हणून त्याचे ऐकावे लागते.

आम्ही शिकार पुन्हा सुरू करा असे सांगायला आलो आहोत की काय, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते. तसे मुळीच नाही. आपल्याकडे बंदूक मूठभरांच्या हाती होती आणि पाणी सर्वांचे. मूठभरांच्या तिकिटावर सर्वांचे पाणी राखण्याची ती युक्ती येथे चालली नसती, आणि चालली असती तरी पाणी पुन्हा मूठभरांचेच झाले असते. १९९१ चा निर्णय योग्य होता. आमचे म्हणणे निराळे आहे. शिकारी उठून गेला तेव्हा सरकारदरबारी पाण्यासाठी भांडणाऱ्याची एक जागाही रिकामी झाली. त्याचा हेतू स्वार्थी होता, कबूल. पण तळे आटले, बुजले, घाण झाले की त्याचा स्वार्थ बुडत असे, म्हणून तो ओरडत असे. आज कोण ओरडतो?

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहू लागला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. यातून लाखो घरांची चूल पेटली, आमचीही. पण पाण्याची वाट पाहा. पवना दापोडीस मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळामुठा पुढे भीमेला; इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते; चाकणच्या बाजूची भामाही भीमेलाच जाते. आणि ही भीमा अडते उजनीच्या धरणात, ज्याचे पाणी १९८० पासून भिगवणपर्यंत पसरले आहे. जुन्या शिकाऱ्यांना भिगवण ठाऊक नव्हते, कारण तेथे तेव्हा तो जलाशयच नव्हता. आज रोहित, थापट्या, तलवार बदक आणि मंगोलिया-तिबेटाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तेथे उतरतात. म्हणजे पिंपरीच्या मोरीत जे सोडले जाते आणि चाकणच्या नाल्यातून जे वाहते, ते अखेरीस त्या पाहुण्यांच्या ताटात पडते. अलीकडच्या वर्षांत आळंदीस कार्तिकीच्या दिवसांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. माणसांतले वारकरी त्यात स्नान करतात. पाखरांतला वारकरी त्यातच जेवतो.

कायदा म्हणाल तर पाखराचे रक्षण पक्के आहे. हळदीकुंकूवर कोणी बार टाकला तर तुरुंग आहे. पाण्याचे काय? २०१७ साली केंद्र सरकारने पाणथळ जागांचे नियम केले. त्यांत पाणथळ जागा कशाला म्हणावे याची व्याख्या वाचून पाहावी. नदीचे पात्र तीत धरलेले नाही. सिंचनासाठी बांधलेले जलाशयही तीत धरलेले नाहीत, पिण्याच्या पाण्याचे नाहीत. म्हणजे पवनेचे पात्र बाहेर, पवना धरण बाहेर, उजनीही बाहेर! नांदूर मध्यमेश्वरसारखे धरणाचे पाणी २०२० साली रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले म्हणून त्याची गोष्ट वेगळी; सर्वांना ते भाग्य नाही. नदी नासू नये म्हणून १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे खरा, पण त्याच्या कचेरीत पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासला जातो; या हिवाळ्यात थापट्या आला की नाही हे त्या बाटलीत दिसत नाही.

माणसांचे पाण्यावरचे हक्क आम्ही हलके लेखीत नाही. पवनेचे पाणी बंद नळातून शहराकडे न्यायचे ठरले तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर आले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ झालेल्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. शेताचा दावा, शहराचा दावा, कारखान्याचा दावा, हे दावे एवढे जड आहेत. त्यांच्या मध्ये बदकाची बाजू घेऊन बसायचे तर बसणाऱ्याजवळ काहीतरी हिशेब हवा. जुन्या शिकाऱ्याजवळ तो असे: अमुक तळ्यावर गेल्या साली एवढी पाखरे, यंदा एवढी. ही वही आपण मात्र ठेवीत नाही. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तीत कोणालाही भाग घेता येतो, दुर्बीण आणि दोन सकाळी एवढाच खर्च. रावेतचा बंधारा, कासारसाईचे धरण, मोशी-आळंदीमधले इंद्रायणीचे पात्र, भामा-आसखेडचे पाणी यांवरची दहा वर्षांची वही या गावाजवळ असती, तर नदीकाठ सुशोभित करण्याच्या ज्या योजना सध्या मुळा, पवना व इंद्रायणी यांच्यासाठी पुढे येत आहेत, त्यांच्या सुनावणीत ती टेबलावर ठेवता आली असती. काठाला दगड बसविले की हळदीकुंकू अंडी कोठे घालणार, हे तेथे विचारायला आकडा लागतो. नुसता कळवळा पुरत नाही.

भिगवणकडे मात्र एक गोष्ट घडली आहे. डिकसळ, कुंभारगाव या गावांतले मासेमार आता हिवाळ्यात आपल्या होड्यांतून पक्षी पाहणाऱ्यांना फिरवितात. कोणता थवा कोणत्या उथळावर बसतो, पाणी किती उतरले की रोहित येतात, हे त्यांना तोंडपाठ आहे; पाखरे आली नाहीत तर त्यांची होडी रिकामी राहते. १९५१ साली ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. उजनीत येणाऱ्या पाण्याविषयी ते तक्रार करतात ती धरणाच्या कचेरीत, सोलापूरच्या बाजूला. पिंपरी-चिंचवडच्या महानगरपालिकेत नदीचा विषय निघतो तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला बोलावल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि येथून डिकसळला मोटारीने दोन-अडीच तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.